आवाज येत नाही गं

माझं शिक्षण चौथी. बायकोचं तेवढंही नाही. बदलापुरात बेलवलीला आमची खोली. आमच्या आळीत अभ्यास म्हणजे आवाज. ज्या घरातून घोकण्याचा आवाज जास्त, तिथलं पोर हुशार. आमची मुलगी दारात बसून घोकायची आणि तिची आई स्टोव्हपाशी कान लावून असायची. आवाज थांबला की आतून हाक, "आवाज येत नाही गं!"

दहावीला पोरगी शाळेत पहिली आली. विहारात सत्कार झाला. बारावी सायन्स इंग्रजीत. तीही घोकून काढली, काठावर. मग उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी. तिथं घोकणं चालेना.

तिथं एक सर होते. मराठी शाळेतल्या पोरांना कॉलेज सुटल्यावर फुकट शिकवायचे. आधी मराठीत समजावायचे, मग तेच इंग्रजीत लिहून घ्यायचे. थोड्या दिवसांत पोरगी घरी गप्प बसायला लागली. आकृत्या काढायची, खोडायची, परत काढायची. बायको घाबरली.

"अहो, पोरीचं लक्ष उडालंय. कुणी मुलगा-बिलगा नाही ना?"

एका रविवारी सर घरी आले. म्हणाले, "आई, तिला गप्प बसू द्या. आत्ता कुठं समजायला लागलंय."

बायकोनं चहा पुढं केला. "गप्प बसून झोप येते सर, अभ्यास नाही येत."

सर हसले. मीपण हसलो. पोरगी नाही हसली.

दिवाळीनंतर सर गेले. तासावरचे होते, जेवढे तास तेवढाच पगार. कॉलेजनं पुन्हा घेतलं नाही. वर्ग बंद. पोरगी परत दारात बसून मोठ्यानं घोकायला लागली. शेजारीण म्हणाली, "काय फाडफाड इंग्लिश बोलते गं तुझी!" बायको तेव्हा खुशीत असायची.

पोरगी नापास झाली. परत बसली, परत नापास. मग अंबरनाथला औषधाच्या गोळ्या पॅक करायला लागली. लोक म्हणतात, गरिबाची पोरं कॉलेजात टिकत नाहीत. टिकतील कशी? हात धरणारा एक माणूस, तोही तासावर.

पुढं बायकोला कॅन्सर झाला. मुलगी वांगणीच्या सासरहून रोज इस्पितळात यायची. एका दुपारी बायको डोळे मिटून पडली होती. एकदम म्हणाली, "आवाज येत नाही गं."

पोरगी पायाशी बसली आणि तिनं सुरू केलं. प्रकाशाचं काहीतरी होतं, इंग्रजीत. एवढ्या वर्षांनी, कुठं अडखळली नाही. बायकोच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. बाजूच्या खाटेवरची बाई बघत राहिली.

बायको गेली त्याच आठवड्यात. घरात आता आवाज करणारं कुणी नाही.

नंतर एकदा मी पोरीला विचारलं, "ते घोकायचीस, त्याचा अर्थ काय गं?"

ती म्हणाली, "थोडा कळायला लागला होता, बाबा. सर होते तोवर."