मावशीचा क्लोजअप

एकतीस वर्षांत मावशी सत्तेचाळीस वेळा आई झाली. नायकाची, नायिकेची, एकदा तर स्वतःहून चार वर्षांनी मोठ्या खलनायकाची. युनिटमध्ये सगळे तिला मावशीच म्हणत. पोस्टरवर नाव छापायची वेळ कोणावर आली नव्हती. तिची नर्स लेक दर सिनेमाला विचारायची, "आई, ह्यात तोंड दिसणार, की नुसता अंबाडा?"

या वेळी तोंड दिसणार होतं. तुरुंगातून सुटून दारात उभ्या राहिलेल्या मुलाला तिने म्हणायचं होतं, "आलास? बस आधी." एवढंच, पण त्यावर तिचा क्लोजअप. दिग्दर्शकाने तसा शब्द दिला होता. महिनाभर ती हे वाक्य भिंतीला, कपाटाला, लेकीला ऐकवत होती.

"बसत नाही, ड्यूटी आहे," लेक वैतागायची.

पण क्लोजअप आधी नायकाचा, असा रिवाज. त्या वेळी मावशीने कॅमेऱ्याशेजारी उभं राहून आपलं वाक्य बोलायचं, म्हणजे नायकसाहेबांना रडू यायला सोपं जातं. मावशी दरवेळी तिथेच सगळा जीव ओतायची. साहेबांना टाळ्या मिळायच्या, आणि तिची पाळी येईतो साहेब गाडीत आणि मावशी रिकामी.

म्हणून या वेळी तिने राखून ठेवायचं ठरवलं. दुकानात साखर मागावी तशी ती म्हणाली, "आलास? बस आधी."

साहेबांचे डोळे कोरडे ठणठणीत. सात टेक झाले.

"मावशी, जरा मनापासून द्या ना," दिग्दर्शक म्हणाला.

"कॅमेरा कुठे माझ्यावर आहे?"

"अहो, तुमच्यामुळे ह्यांना रडू येत नाहीये."

"इतकी वर्षं माझ्यामुळेच येत होतं, ते आज कळलं होय!"

लाइटवाले हसले. साहेब हसले नाहीत. अकराव्या टेकला मावशीनेच हात टेकले आणि जीव ओतला. साहेब घळाघळा रडले. टाळ्या पडल्या.

तोवर दारातलं ऊन गेलं होतं, आणि भाड्याचं ते घर दुसऱ्या दिवशी सोडायचं होतं.

"मावशी, तुमचं पाठमोरं घेऊन टाकू. आवाज डबिंगला घेऊ."

महिन्याभराने डबिंगच्या खोलीत पडद्यावर तिची पाठ आली आणि मावशी बोलली. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने चष्मा काढून पुसला.

"मावशी, पुन्हा एकदा घेऊ."

"का? चुकलं काही?"

"तुमचं नाही हो. ऐकण्याच्या नादात माझंच बटण दाबायचं राहिलं."

ती पुन्हा बोलली. दुसऱ्यांदाही तितकंच चांगलं झालं. मावशीला संताप आला तो त्याचाच: ओतून जीव संपत नव्हताच, मग त्या दिवशी राखून ठेवण्यात दारातलं ऊन उगाच घालवलं.