लेक म्हणून दिलेलं घर

त्या दिवशी गुरुवार होता. सकाळी बायकोनं चहा केला. दुपारी तिला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी मी घरी परतलो, ती परतली नाही.

घर म्हणजे रंकाळा तलावाच्या मागच्या बाजूला एका अपार्टमेंटमधला फ्लॅट. आम्ही तिथं भाड्यानं राहत होतो. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, ती शाळेत शिकवायची. फ्लॅट तिनंच शोधला होता आणि अकरा महिन्यांचा पहिला करारही तिच्याच नावानं झाला होता. मालकीणबाई गारगोटीकडच्या एका खेड्यातल्या, शेती आणि म्हशी सांभाळणाऱ्या विधवा बाई. बायको त्यांना आक्का म्हणायची.

तो करार संपत आला तेव्हा नवरात्र चालू होतं. आक्का एसटीनं आल्या, बायकोला पाटावर बसवलं आणि खणानारळानं तिची ओटी भरली. बायकोची आई ती लहान असतानाच गेलेली. आक्का म्हणाल्या, आजपासून हे तुझं माहेर. मी मध्येच नव्या कराराचा विषय काढला, तेव्हा दोघींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी कुणाला ताटावरून उठवलं होतं.

"लेकीसंगं करार करत्यात व्हय, जावईबापू?" आक्का हसत म्हणाल्या. "शिकल्याली माणसं तुमी, जरा तरी कळाय पायजे की."

त्यानंतर कागद झालाच नाही. भाडं महिन्याच्या महिन्याला आक्कांच्या खात्यावर जायचं, पण त्याचा उल्लेख कुणी करत नसे. म्हैस व्याली की गावाहून चीक यायचा. आक्कांचे डोळे अधू होत गेले तशी बायको त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन जायची. नळ गळला तर दुरुस्ती कुणी करायची, सोसायटीचा देखभालखर्च कुणी भरायचा, हे कधी ठरलं नाही. ज्याच्या आधी लक्षात आलं त्यानं केलं. आमच्या भागात अशी घरं आणखीही असतील. एकदा ओटी भरली की करार मागणं म्हणजे त्या ओटीवर संशय घेणं, असं सगळ्यांनाच वाटतं.

बायको जाऊन काही महिने झाले आणि आक्कांच्या वतीनं मला वकिलाची नोटीस आली. आक्कांचा मुलगा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला, तिथंच जवळ एका खोलीत बायकोमुलांसह राहणारा. धावपळ त्यानं केली होती. नोटिशीत लिहिलं होतं की मयत बाईस मालकिणीनं मुलीप्रमाणे मानून, मायेपोटी, केवळ राहू दिलं होतं. त्यामुळं तिला किंवा तिच्या नवऱ्याला भाडेकरू म्हणून कोणताही हक्क नाही. सबब जागा खाली करून द्यावी.

नोटीस वाचून मी स्वयंपाकघरात गेलो. बायको वावरलेलं घर म्हणून माझ्याकडं तेवढंच उरलं होतं. तिचा हात कुठल्या फळीपर्यंत पोचत नसे, हे मला त्या घरात पाहताक्षणी कळायचं.

माझा एक वकील मित्र आहे. त्यानं नोटीस वाचली आणि मला धीर दिला. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते, तो म्हणाला. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला तिथं राहण्याचा हक्क मागता येतो. भाडं बँकेतून जातंय, मग अडचण काय? मालकाला स्वतःला राहण्यासाठी खरोखर जागा हवी असेल तर कोर्ट तेही पाहतं, पण त्याला वर्षं लागतात. तोवर तुला कुणी हलवू शकत नाही, वीज किंवा पाणीही तोडू शकत नाही.

त्यानं उत्तराचा मसुदा केला. सगळं नीट होतं. त्यात एक वाक्य होतं: मयत व मालकीण यांच्यात घरमालक आणि भाडेकरू याखेरीज कोणतेही नाते कधीही नव्हते.

"हे काढता येईल?" मी विचारलं.

"सगळी केस त्याच्यावर उभी आहे," तो म्हणाला. "ती लेक ठरली तर तू पाहुणा ठरतोस."

मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी गारगोटीची एसटी धरली.

आक्का घराच्या पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. मी आवाज दिल्यावर ओळखलं. नोटिशीत काय लिहिलंय, हे मी त्यांना वाचून दाखवलं. त्या मान हलवत ऐकत होत्या.

"मीच सांगिटलं की त्येला," त्या म्हणाल्या. "वकील म्हनला, कशी ठेवली हुतीसा? मी म्हटलं, लेकीवानी. लगीच लिवून घेतलं त्यानं, लई ब्येस म्हनला. त्यात काय वंगाळ बोलले मी?"

मी म्हणालो, वंगाळ काहीच नाही. मग माझ्या उत्तरात काय लिहिलंय तेही सांगितलं.

 आक्का पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "आन तुमी तसं म्हननार, कोर्टात? ती माजी कुनी न्हवती म्हनून?"

"नाही म्हणणार."

"मला आता दिसत न्हाय, जावईबापू. चुलीपाशी भाजून घेती. पोराच्या खोलीत पाय पसराय जागा न्हाय. तुमी ऱ्हावा म्हनलं तर मी जाऊ कुठं, सांगा."

मी घर सोडतो म्हणालो. मी एवढंच मागितलं की तिचं वर्षश्राद्ध त्याच घरात होऊ द्यावं. आक्का म्हणाल्या, ते तिथंच व्हायचं, लेकीचं दुसरीकडं कुठं करतात?

तेवढ्या महिन्यांसाठी आम्ही रीतसर करार केला. मुलगा शरमिंदा होता. नोटीस मागे घेतल्याचं पत्र त्यानं स्वतः आणून दिलं. नोंदणीच्या वेळी आक्कांचा अंगठा यंत्रावर उमटेना. शेतात झिजला, त्या म्हणाल्या, आणि तिथली मुलगी हसली. मुलानं आईचा अंगठा पुसून पुन्हा पुन्हा ठेवला, तेव्हा कुठं उमटला. करारात मालकीण म्हणून त्या होत्या आणि भाडेकरू म्हणून मी. बायकोचं नाव कुठंच नव्हतं.

वर्षश्राद्धाला आक्का आल्या, जेवल्या, पानाजवळून उठवेना तशी मी त्यांना हात दिला. त्याच महिन्यात मी किल्ल्या दिल्या. जाताना भिंतींना रंग लावून दिला, करारात तसं होतं.

आता तिथं आक्का मुलाच्या संसारात राहतात. मी कॉलेजजवळ दोन खोल्या घेतल्या आहेत. करार नोंदवलेला आहे, दुरुस्ती कुणाची आणि देखभाल कुणाची तेही त्यात लिहिलं आहे. मालक सज्जन आहेत, आमचं फारसं बोलणं होत नाही. तिनं या खोल्या पाहिलेल्या नाहीत.