मामांचा चॉकलेट सॉस

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पंचक्रोशीत माझ्या मामांना न जमणारा पदार्थ अजून जन्माला यायचाय, असं मामा स्वतःच सांगतात आणि आम्ही माना डोलावतो. ते लग्नाचे आचारी. पाचशे माणसांच्या वरणात मीठ मुठीनं टाकतात आणि कणभरही चुकत नाहीत; पण घरी चौघांचा चहा करायला सांगा, तो संपवायला अख्ख्या गल्लीला हाका माराव्या लागतात. दहावीनंतर मी शिक्षण सोडून त्यांच्या हाताखाली जायला निघालो, तेव्हा झारा उगारून त्यांनी मला कॉलेजसाठी हिंगोलीच्या जीपमध्ये बसवलं होतं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या झाऱ्याच्या धाकानं.

यंदा त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं. तिनं हट्ट धरला, जेवणानंतर आइस्क्रीम हवं आणि त्यावर चॉकलेट सॉस. "तेवढं हिंगोलीच्या केटररला सांगू," मामी म्हणाल्या. मामा ताडकन उठले. "माझ्या लेकीच्या जेवणाला परका हात लागणार न्हाई!"

मी मोबाइलवर कृती वाचून दाखवली. पिठल्याचं पीठ कालवतात तसा कोको गार पाण्यात कालवून मामांनी गुठळ्यांचा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटवला. अडलं पाकापाशी. चिमटीत तार आल्याशिवाय पाक उतरवायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. तार आली, मामा खूश झाले, आणि गार आइस्क्रीमवर पडताच सॉसची चिक्की झाली. मामींनी बत्ता आणून दिला. "घ्या, फोडा तुमचा सॉस!" आठ दिवस आम्ही चॉकलेटची चिक्की खाल्ली.

"मामा, तार यायच्या आत उतरवा," मी म्हणालो.

"कच्चा पाक? मंग तुला दहावीतच काहून न्हाई उतरवलं?"

नवव्या दिवशी मात्र त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, तोंड फिरवलं. "उतरव तूच. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." वरणाइतका पातळ असतानाच मी तो उतरवला. मामांनी वर लोण्याचा गोळा सोडला. निवल्यावर सॉस पळीवरून अलगद ओघळला.

लग्नात ती पळी त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. शेवटी लेकीपुढं आले. तिनं चमचा तोंडात घातला.

"पातळ तर न्हाई झाला?"

"न्हाई बाबा. बराबर झालाय."

मामांनी आणखी एक पळी घातली. मग आणखी एक. आइस्क्रीम दिसेनासं झालं तरी ते वाढतच होते, आणि ती पुरे म्हणत नव्हती.