मेंढरामागं गेली, असं लिहून द्या

हॉलतिकीट वाटायच्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांची नावं पुकारून झाली. माझं आलं नाही. मला वाटलं, गठ्ठ्यात खाली एखादं राहिलं असेल. मी हात वर केला. "सर, माझं?"

क्लार्क दारातच उभा होता. तो हसला. "तुझं कुठून यील? तू मेंढरामागं गेलती न्हवं?"

वर्ग हसला. मी त्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर वर्षभर बसले होते. त्या दिवशीसुद्धा हजेरी दिली होती. तरी त्या हसण्यानं माझी मान अशी खाली गेली, जणू मी खरंच कुठून तरी पळून आले होते.

आम्ही मेंढपाळ. दिवाळी झाली की आमची माणसं बिऱ्हाड घोड्यावर लादून तेलगावच्या बाजूला उतरतात. कापूस निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. पावसाळ्यापर्यंत गाव बघत नाहीत. पोरंही सोबत जातात. यंदा दहावी म्हणून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पाटोद्याला आत्याकडे ठेवलं. क्लार्क मात्र धरून चालला, ही पण गेली. बोर्डाचा फॉर्म शाळेनं भरायचा असतो. माझा फोटो घेतला, सही घेतली आणि फॉर्म भरलाच नाही. विचारलंसुद्धा नाही. मी तर समोरच बसलेली होते.

मुख्याध्यापक म्हणाले, बापाला घेऊन ये.

आप्पा कळप आईवर टाकून आले. खांद्यावर घोंगडं, अंगाला मेंढरांचा वास. ऑफिसात खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा असं कुणी म्हटलं नाही. क्लार्कनं नाकाला रुमाल लावला आणि मला आप्पांची लाज वाटली. त्या लाजेची लाज अजून जात नाही.

"असं लिहून द्या," मुख्याध्यापक म्हणाले, "पोरगी मेंढरामागं गेली म्हणून फॉर्म राहिला. पुढल्या साली बाहेरून बसवू तिला."

आप्पांनी डोक्याचं पागोटं काढून त्यांच्या पायाशी ठेवलं. चारचौघांत त्यांचं उघडं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं. "चुकलं सायेब आमचं. पोरीचं वरीस तेवढं वाचवा."

काय चुकलं होतं? कुणाचं? मुख्याध्यापकांनी पायसुद्धा मागे घेतला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

क्लार्कनं शाईचं पॅड सरकवलं. आप्पांचा अंगठा शाईला टेकला. मी त्यांचं मनगट धरलं.

"आप्पा, अंगठा देऊ नका."

"कावून गं?"

"मी हितंच होते. रोज होते."

"तोंड लई चालाया लागलं की," मुख्याध्यापक म्हणाले. मी पागोटं उचलून आप्पांच्या हातात दिलं. धीटपणा वगैरे काही नव्हता. बाहेर लिंबाखाली येताच मला ओकारी झाली.

बीडला एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी आधी आप्पांना खुर्ची दिली. आप्पा खुर्चीच्या काठावर टेकले. "शाळेच्या चुकीची शिक्षा पोरीला देता येत नाही," बाई म्हणाल्या. "परीक्षेला बसणं हा तिचा हक्क आहे. त्यासाठी कुणाच्या पाया पडायचं नाही." हक्क हा शब्द मी नागरिकशास्त्रात पाठ केला होता. त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

शिक्षण खात्याचे उंबरे झिजवले. हायकोर्टात अर्ज गेला. पण सुनावणी लागायच्या आत मराठीच्या पेपरचा दिवस उजाडला. मी गणवेश घालून केंद्रासमोर जाऊन उभी राहिले. का, ते सांगता येत नाही. मैत्रिणी माझी नजर चुकवून आत गेल्या. घंटा झाली. शिपायानं फाटक लावलं आणि मला म्हणाला, "पोरी, घरी जा." मी पेपर सुटेपर्यंत तिथंच उभी होते.

केस अजून चालू आहे. शाळेचे संस्थाचालक आमच्या भागातले पुढारी. ते आत्याकडे माणूस धाडतात. "केस मागं घ्या. पोरीचं आमी बघून घिऊ." आप्पा माझ्याकडे बघतात. त्यांचा हात पागोट्याकडे जातो.

मी नाही म्हणते. गेलेलं वर्ष परत येणार नाही, हे मला कळतं. पण एक गोष्ट आत सलते. त्या दिवशी मी ऑफिसात 'मी हितंच होते' एवढंच म्हणाले. जणू मेंढरामागं जाणं हा गुन्हा होता आणि तो मी केला नव्हता. माझी आई जाते. माझे आप्पा जातात. त्यांच्याच जिवावर मी शिकले.

वकीलबाईंना सांगितलंय, अर्जात एक ओळ वाढवा. मी मेंढरामागं गेले नव्हते. आणि गेले असते, तरी माझा फॉर्म भरणं शाळेचं काम होतं.

पुढच्या तारखेला आप्पा येणार आहेत. पागोटं बांधून.