गुरप्पाअण्णांचं 'नगं की'

गुरप्पाअण्णांना चहा विचारला की ते म्हणत, "नगं की." मग कप त्यांच्यासमोर ठेवायचा आणि आपण दुसरीकडे बघायचं. जरा वेळानं वळावं तर कप रिकामा आणि अण्णा पावत्या तपासण्यात गर्क. होटगी स्टेशनच्या मालधक्क्यावर मी नवा कारकून म्हणून लागलो, तेव्हा मला ही रीत ठाऊक नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांचं "नगं की" ऐकून मी भाबडेपणानं दोन्ही कप संपवले. त्या दुपारी ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

अण्णा मूळचे मैंदर्गीचे. घरी कानडी, कचेरीत मराठी, साहेबापुढं मोडकं इंग्रजी. पण तिन्ही भाषांत त्यांचा पहिला शब्द नकाराचाच. बायकोसाठी लुगडं घ्यायचं तरी दुकानाच्या पायरीवरूनच नकारघंटा सुरू. दुकानदार हैराण व्हायचा, हे उठून चालू लागायचे, मग मागून हाक यायची, आणि अण्णा जणू उपकार करायला परत फिरायचे. "बाजारात पाठ बोलती, तम्मा, तोंड न्हाय," असं ते मला सांगत. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मला त्यांनी हे नातं पहिल्या आठवड्यातच चिकटवलं होतं, आणि त्याचे सगळे अधिकारही लगोलग वापरायला घेतले होते.

तेव्हा मला पेटीचं वेड लागलं होतं. रेल्वेच्या चाळीत एक गार्ड राहत, त्यांच्या पेटीवर मी हात बसवला होता. त्यांची बदली झाली आणि पेटी त्यांच्याबरोबर गेली. चाळीत नवरात्रात रोज भजन असे. साथीला पेटीवर कोण बसणार, हा प्रश्न आला. मंडळी म्हणाली, ज्याच्याकडे पेटी तो बसेल. पेटी होती बुकिंग क्लार्कच्या मेहुण्याकडे, वसंताकडे. वसंता मान डोलवायचा छान, पण त्याच्या बोटांचं आणि सुरांचं जन्माचं वाकडं होतं. त्या जागेवर मला बसायचं होतं. आयुष्यात इतकं मनापासून मला दुसरं काही हवंसं वाटल्याचं आठवत नाही.

पगारातून बाजूला टाकलेले पैसे नव्या पेटीला पुरणारे नव्हते. जुनीच बघायला हवी होती. मी अण्णांना म्हटलं, "सोलापूरला येता का बरोबर? तुम्हाला पारख आहे."

"नगं की. माज्याकडनं न्हाय व्हायचं," अण्णा म्हणाले. रविवारी स्टेशनवर गेलो तर धुतलेला पटका बांधून तेच माझ्याआधी फलाटावर हजर.

त्यानंतरचे रविवार आठवले की अजून माझं डोकं फिरतं. साखर पेठेत एका विणकराकडे पेटी होती. बोलपट आल्यापासून नाटकं बंद पडत चालली होती, त्यामुळं इकडंतिकडं आणखीही जुन्या पेट्या निघत. अण्णा मला पेटीला हात लावू देत नसत. "तू वाजवू नगंस. तुज्या बोटात गरज दिसती." मग ते स्वतः बसत. वाजवता तर त्यांना काडीचं येत नव्हतं. भाता भरायचे, एकही पट्टी न दाबता तसाच धरायचे आणि हवा किती वेळ टिकते ते बघत राहायचे. पेटी विकणारा अवघडून उभा, मी अवघडून उभा, आणि अण्णा भात्याकडे टक लावून. शेवटी एकच सूर दाबून कान तिरपा करायचे आणि म्हणायचे, "नगं की." एकीचा भाता दमेकरी, एकीचा खर्ज बसलेला, एकीच्या लाकडाला म्हणे वाळवीचा वास. खरं सांगायचं तर त्यांची पारख बहुतेकदा बरोबर असे, आणि त्याचाच मला जास्त राग येई.

नवरात्र तोंडावर आलं तेव्हा आम्हाला ती पेटी सापडली. एका मोडलेल्या नाटक कंपनीचं सामान थिएटरमागच्या खोलीत विकायला काढलं होतं. पडदे, मुकुट, तलवारी केव्हाच गेल्या होत्या. पेटी तेवढी राहिली होती, आणि तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसलेले कंपनीचे म्हातारे मॅनेजर. अण्णांनी भाता भरला. हवा हलेना. त्यांनी सूर दाबला आणि माझ्या अंगावर काटा आला. इतका भरीव, गोड सूर मी तोवर ऐकला नव्हता. मॅनेजरांनी किंमत सांगितली. माझ्या ऐपतीच्या थोडी वरची होती.

"नगं की," अण्णा म्हणाले. "भाता थकलाय."

"बरं," मॅनेजर शांतपणे म्हणाले.

अण्णा उठले. मला कोपरानं ढोसत त्यांनी बाहेर काढलं. "मागं बघू नगंस. आता हाक येती बघ." आम्ही सावकाश चालत होतो. थिएटरच्या फाटकाशी अण्णांनी वहाण काढून झटकली. कोपऱ्यावर पान घेतलं. पान लावून झालं, खाऊन झालं, तरी हाक आली नाही. "येती की," असं अण्णा पुटपुटत राहिले, आणि आम्ही चालत चालत स्टेशनात पोचलो.

गाडीत माझा बांध फुटला. "अण्णा, नको तुम्हाला होती. मला हवी होती हो ती पेटी. तुमची पाठ तुम्हालाच लखलाभ." एवढं मी मोठ्या माणसाला कधी बोललो नव्हतो. अण्णा होटगी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

दोन दिवसांनी पोट बिघडल्याचा निरोप पाठवून त्यांनी रजा टाकली. संध्याकाळच्या पॅसेंजरनं उतरले तेव्हा हमालाच्या डोक्यावर पेटी होती. तीच. "वाकीवला की म्हाताऱ्याला," अण्णा मिशीवर हात फिरवत म्हणाले. "तुज्याकडं हायत तेवढ्यातच दिली. उगं रडत हुतास." मी जमवलेले पैसे त्यांच्या हातावर ठेवले आणि तिथंच, फलाटावर, त्यांच्या पाया पडलो.

नवरात्रात पेटीवर मी बसलो आणि वसंताच्या हाती झांजा आल्या. भजनाला येता का विचारल्यावर अण्णा "नगं की" म्हणाले आणि नऊही दिवस पुढं येऊन बसले. पुढची कित्येक वर्षं म्हाताऱ्याला कसा वाकवला याची कथा मला ऐकावी लागली. नव्या माणसाला ते माझ्यादेखत ऐकवत, आणि प्रत्येक वेळी म्हातारा आणखी वाकलेला असे. मी कंटाळून उठून जात असे.

मग एकदा सोलापुरात बोलपटाला गेलो, तर दारावर तिकिटं फाडायला तेच मॅनेजर उभे. त्यांनी मला ओळखलं. "पेटी कशी आहे?" म्हणाले. "भला माणूस हो तुमचा मित्र. मी सांगितले तेवढे पैसे मुकाट्यानं दिले."

मी म्हटलं, "पण तुम्ही तर कमी केले होते ना?"

"छे. पहिल्या दिवशी मी हाक मारली असती तर दोन पैसे सोडले असते. पण जिला नको म्हणतात, तिला मी त्या घरी कशाला धाडू? ते दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हटलं, आधी हवी म्हणा, मग न्या. बराच वेळ पायरीवर उभे होते बिचारे. शेवटी म्हणाले, 'हवी हाय. माझ्या धाकट्या भावाला हवी हाय.'"

त्या बोलपटातलं मला काहीही आठवत नाही.

अण्णा निवृत्त होऊन मैंदर्गीला निघाले त्या दिवशी मी, त्यांनी पेटीसाठी पदरचे घातलेले वरचे पैसे रुमालात बांधून नेले. सामान डब्यात चढवून ते फलाटावरच्या बाकावर टेकले होते. मी चहा आणला. "नगं की." मी कप ठेवला, त्याच्याशेजारी रुमाल ठेवला आणि म्हटलं, "अण्णा, मॅनेजर भेटले होते मला."

रुमालाकडे न बघता अण्णा म्हणाले, "नगं की."

रीतीप्रमाणे मी मान वळवली आणि सिग्नलकडे बघत राहिलो. शिट्टी झाली. वळून पाहिलं तर कप रिकामा होता, आणि रुमाल होता तिथंच होता. गाडी हलली होती. अण्णा खिडकीशी माझ्याकडे पाठ करून बसले होते. मी रुमाल उचलून धावलो. अण्णा, अण्णा, म्हणून चार माणसं बघतील अशा हाका मारल्या. मागून हाक यावी म्हणून जन्मभर पाठ फिरवणाऱ्या त्या माणसानं वळून बघितलं नाही.