घरपोच

अमावस्येच्या दिवशी मी गाडी घेतली आणि ती अजून व्यवस्थित चालते. आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी तांब्याभर पाणी देते आणि घरी जाऊन झोपायला सांगते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून 'बाई भाबड्या दिसतात' असं कुणीतरी म्हणणार. म्हणा. मी पन्नाशीला टेकलेली, कोल्हापुरात बीबीएच्या पोरांना मार्केटिंग शिकवणारी बाई आहे. त्या दिवशी गाडीत माझ्याबरोबर अजून एक शुद्धीवरचं माणूस होतं, म्हणून लिहायचं धाडस करतेय.

आमचं कॉलेज राजारामपुरीच्या बाजूला आहे. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, खिडकीखाली रिक्षा स्टॉप आणि वड्याची गाडी. उन्हाळ्याची, भर दुपारची वेळ. अंधार, वारा, कुत्र्याचं रडणं असलं काही नव्हतं. खालून वडे तळल्याचा वास येत होता.

सेल्सचं प्रॅक्टिकल मी असं घेते : वर्गासमोर दोन खुर्च्या. एकीवर विक्रेता, दुसरीवर गिऱ्हाईक. गिऱ्हाईकानं नाही-नाही म्हणायचं, विक्रेत्यानं माल गळ्यात मारायचा. नियम एकच - मी टाळी वाजवेपर्यंत भूमिका सोडायची नाही. मध्येच हसलं किंवा "मॅडम, आता काय बोलू?" विचारलं की मार्क गेले.

त्या दिवशी विक्रेता होता ओंकार. पेठ वडगावचा, घरचं भांड्यांचं दुकान, तोंडाला कुलूप नाही. गिऱ्हाईक होती स्नेहा. कोडोलीहून एसटीनं यायची. हुशार, पण वर्गात तिचा आवाज ऐकायला कान टवकारावे लागायचे.

"नमस्कार अक्का!" ओंकारनं सुरुवात केली. "मिक्सर बघा की. एक नंबर माल हाय."

स्नेहानं त्याच्याकडं मान वळवली. मग म्हणाली, "मिक्सर घिऊन काय करू? लाईट तोडलीया घराची."

आवाज जाड होता, घोगरा. मला वाटलं, वा! पोरगी तयारी करून आलीये.

"आवो मग आम्ही कशाला हाय? घरपोच दितो, तार जोडतो, चटणी वाटून दावल्याबिगर उठत न्हाय!"

"घरपोच?"

"व्हय अक्का. शब्द म्हंजे शब्द. थेट दारात."

"मग मला न्हे की."

वर्ग फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, "ओम्या, गिऱ्हाईकच पार्सल करायचं म्हणतंय लेका!"

ओंकारलाही चेव आला. "न्हेतो की! चला अक्का, आत्ता!"

स्नेहानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ती कुर्ती आणि जीन्समध्ये होती. पदर नव्हताच, पण हात मात्र बरोबर कपाळावर आला, बोटांनी काठ पकडला आणि ओढला.

"चला," ती म्हणाली. "लई वाट बघाय लावलासा. चूल इझली आसंल माझी."

मी टाळी वाजवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. स्नेहा हलली नाही. मी पुन्हा टाळी वाजवली, जोरात. "स्नेहा, बस झालं. छान केलंस." तिनं माझ्याकडं पाहिलं - रस्त्यावर अनोळखी माणसाकडं बघतात तसं - आणि परत ओंकारकडं तोंड केलं. "चल की. शब्द दिलाईस न्हवं?"

शिट्ट्या थांबल्या. ओंकार खुर्चीवरून उठला तो थेट दारापाशी जाऊन उभा राहिला.

मुलींनी तिला उठवायचा प्रयत्न केला. सडपातळ पोरगी, पण चौघींना हलेना. मी मनगट धरलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि तिचा हात फ्रीजमधून काढल्यासारखा गार.

समोरच्या डॉक्टरांना बोलावलं. नाडी ठीक, बीपी ठीक. "परीक्षेचा ताण असेल. मोठ्या दवाखान्यात हलवा," म्हणाले. हलवा म्हणजे कसं, ती तर खुर्ची सोडत नव्हती! आमचा शिपाई माझ्या कानाशी लागला, "मॅडम, गंगावेशीत एक देवर्षी हाय माझ्या वळकीचा..." मी त्याला खाली पाणी आणायला पिटाळलं.

तिचे वडील आले. कोडोलीकडेच शाळेत शिक्षक. देवर्षीचं त्यांच्याही कानावर गेलं होतं. मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले, "मॅडम, आम्ही बौद्ध माणसं. अंगात येणं, लिंबू, अंगारा, यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. डॉक्टरकडं न्यायचं, बास." मला बरं वाटलं. माझ्याच जातकुळीचा माणूस भेटला म्हणायचा.

मग ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "स्नेहू, चल बाळा."

तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोण ओ पावणं तुमी?"

त्या माणसाचा चेहरा मी विसरलेली नाही.

मग मी ओंकारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. डोक्यात फक्त दवाखाना होता. काहीही करून हिला गाडीत घालायचं. "अक्का," मी म्हटलं, "चला. मी सोडते घरी."

ती लगेच उठली. जिना उतरून स्वतःच्या पायांनी गाडीत बसली. वडील तिच्याशेजारी, मी स्टिअरिंगवर.

दवाखान्याच्या बाजूला गाडी वळवली, तोच मागून आवाज आला, "ह्यो रस्ता न्हवं, बाई." रागानं नाही, अगदी हळू. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. थोडं पुढं गेलो आणि वडील ओरडले, "मॅडम! श्वास घेईना ही!" आरशात बघितलं. डोळे उघडे, ओठ निळे पडत चाललेले. दवाखाना अजून लांब होता, पुढं सिग्नलला गाड्यांची रांग. त्या क्षणी मी काय विचार केला ते मला सांगता येणार नाही. मी गाडी फिरवली. उचगावच्या पुलाकडं तोंड झालं आणि मागं तिनं खोल श्वास ओढल्याचा आवाज आला.

वडिलांनी तिच्या बाजूची काच खाली केली.

गोकुळ शिरगाव गेलं, कागल गेलं. ती मागून सांगत होती आणि मी चालवत होते. "सरळ... आता डाव्या अंगाला... उतार हाय, दमानं." हायवे सोडून बाजूच्या कच्च्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडं पुरुषभर ऊस. ती म्हणाली, "हं. हितं."

घर नव्हतं. हायवे रुंद करताना टाकलेला मातीचा ढीग, गवत, आणि जोत्याचे थोडे दगड. बस.

ती उतरली. वडिलांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"सोडा की हात, पावणं. घर आलं माझं."

"नाही सोडणार," ते माझ्याकडं बघून म्हणाले. "मॅडम, परत आली नाही तर?"

तिचे ओठ परत निळे व्हायला लागले होते. "सर, सोडा," मी म्हटलं. "घरी सोडायचा शब्द माझ्या वर्गात दिला गेलाय. मीही दिलाय." स्वतःच्या तोंडून हे वाक्य ऐकून मला जास्त भीती वाटली. त्यांनी एकेक बोट सोडवत हात सोडला.

तिनं दगडांपाशी सँडल काढले आणि नीट जोडीनं ठेवले. डोकं खाली वाकवलं, बुटक्या दारातून आत शिरताना वाकवतो तसं, आणि जोत्यावर चढली. मग आमच्याकडं पाठ करून उभी राहिली.

आम्ही दोघं गाडीजवळ. हायवे हाकेच्या अंतरावर होता, तरी एका ट्रकचा आवाज कानावर येत नव्हता. वडील पुटपुटत होते, "स्नेहू... स्नेहू..." किती वेळ गेला माहीत नाही. मधेच तिनं मान हलवली, नकारार्थी. मग हात पुढं करून काहीतरी नको म्हटल्यासारखं केलं. परत मान हलवली. मग पुन्हा डोकं वाकवून बाहेर आली, सँडल घातले, वर पाहिलं...

"पप्पा? तुम्ही कसं काय इथं?"

तिचाच आवाज. कान टवकारून ऐकावा लागणारा. वडिलांनी तिला मिठीत घेतलं आणि मी बॉनेटला धरून उभी राहिले. ट्रकचे आवाज परत येत होते.

हायवेवरच्या टपरीवाल्याला मी विचारलं, तिकडं आधी काय होतं. "घरं हुती की. सगळी वर गावात गेली." तिथं एखादी बाई वारली होती का? "आता घरं म्हटल्यावर बायका हुत्या, आन् माणसं मरत्यातच की, बाई. कुठली म्हणून सांगू?" यापलीकडं मला काहीही कळलेलं नाही.

परतताना स्नेहा बाटलीभर पाणी प्यायली. वर्गातलं तिला फक्त खुर्चीवर बसल्याचं आठवत होतं. कागलच्या अलीकडं आपणहून म्हणाली, "त्या अक्का चांगल्या होत्या, मॅडम. चहा टाकला होता त्यांनी. कपात ओतला पण होता."

वडिलांनी विचारलं, "प्यायलीस?"

"नाही. मी कुठं चहा घेतो?" लहानपणापासून तिला चहाचा वाससुद्धा सोसत नाही. घरात तीच एक तशी. "त्या ऐकेनातच. मग बस, दूध देते म्हणाल्या. मी म्हटलं, आता बाहेर कुणीतरी थांबलंय माझ्यासाठी, पुढच्या वेळी आलो की नक्की घेतो."

वडिलांनी मागं वळून रस्त्याकडं पाहिलं. कुणाच्या घरातून सुटायचं असलं की आपण सगळे हेच म्हणतो - पुढच्या वेळी नक्की. त्यात तिचं काय चुकलं?

स्नेहा चांगल्या मार्कांनी पास झाली. आता पुण्यात एका कंपनीत मार्केटिंगला आहे, तब्येत ठणठणीत. डॉक्टरांनी दिलेली कारणं मी सगळी ऐकली. श्वासाचं त्यातल्या एकानंही समजत नाही, रस्त्याचं तर नाहीच. माझ्याकडं स्पष्टीकरण नाही आणि आता मी शोधतही नाही.

मध्यंतरी तिचा फोन आला होता, रागात. बेळगावला मोठी पोस्ट मिळत होती, पगार चांगला, आणि वडील नको म्हणून हटून बसले होते. कारण सांगेनात. "मॅडम, तुम्ही प्रॅक्टिकल आहात. तुम्ही समजवा की त्यांना."

कोल्हापूरहून बेळगावला जाताना रस्ता कागलवरूनच जातो.

मी म्हटलं, "बाळा, पुण्यातच बरं आहे."