गोणीचा भाव

"भावजी, दाढी करताना तुम्ही नेमका कसला विचार करता हो?"

वाशीतल्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधल्या लेखिकावहिनी सकाळी सकाळी दार वाजवून असलं काहीही विचारायच्या. माझ्या अर्ध्या गालाला साबण, हातात दुधाची पिशवी, आणि आतून आमची ही हसतेय. नव्वदच्या दशकातली आमची सोसायटी तशी सोज्वळ. वहिनींना मात्र भीडभाड म्हणून नव्हती.

त्या कादंबरी लिहीत होत्या आणि त्यातला 'मी' होता पुरुष. त्यांचे यजमान न्हावा शेवाच्या बंदरात कामाला. "ह्यांना विचारलं की म्हणतात, टेन्शन देऊ नकोस, झोपू दे. मग तुमच्याशिवाय आहे कोण?" असं म्हणून लिहिलेलं पान वाचून दाखवायच्या. मी 'छान' म्हटलं की खोडायच्या. मी गोरामोरा झालो की पान राहायचं.

एकदा म्हणाल्या, "बायकोशी भांडून तरातरा निघता, ते जाता कुठे?"

मी स्वयंपाकघराकडे बघत हळूच सांगितलं, "कांदा-बटाटा मार्केटात. गोणीचा भाव विचारतो आणि परत येतो."

"घेत नाही?"

"गोणीभर कांदे घेऊन करू काय?"

वहिनी पोट धरून हसल्या. मग एकदम म्हणाल्या, "बिचारे." तो शब्द मला लागला, आणि आवडलाही.

कादंबरी झाली, पण प्रकाशक हस्तलिखित परत घेऊन आले. "पुरुषाचं मन बाईला कसं कळणार? गोष्ट बायकोच्या तोंडून सांगा, लगेच छापतो." कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ. मी तिथेच होतो. वहिनी शांत. "हे एवढं प्रकरण मोठ्याने वाचा, मग म्हणाल तसं करते."

गृहस्थ वाचू लागले. नायक भांडून बाहेर पडला, गोणीचा भाव विचारून रिकाम्या हाताने घरी आला. प्रकाशक थांबले. कान लाल.

"हे तुम्हाला आमच्या हिने सांगितलं का? फक्त, मी छत्र्यांचा भाव विचारतो."

कादंबरी जशीच्या तशी छापून आली. त्या दिवशी वहिनींनी अख्ख्या सोसायटीला बासुंदी खाऊ घातली.

वहिनी जाऊन आता बरीच वर्षं झाली. सकाळी दाढी करताना अजून समोरच्या दाराकडे कान असतो. पण ती कादंबरी आमच्या हिनेही वाचलीय, त्याचं काय करू? परवा भांडण झालं आणि मी तरातरा चपला घातल्या. हिने शांतपणे हातात पिशवी दिली.

"गोणी नको हं. दोनच किलो आणा."